शरीर पन्नाशीचे, रक्तवाहिन्या सत्तरीच्या



राबातले भाताचे रोप किती दिवसांचे झाले, याचा हिशेब तुमच्या घरात सर्वांना तोंडपाठ असतो. २१ ते २५ दिवसांचे रोप चिखलात उतरले, तर फुटवे भरपूर येतात. पाऊस लांबला, लावणी खोळंबली आणि तेच रोप राबात ४० दिवस उभे राहिले, तर बियाणे कितीही नामांकित असो, फुटवे कमी येतात ते येतातच. आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिलेली आहे. एकाच दिवशी लावलेली दोन खाचरे असतात. एकाला नत्र वेळेवर मिळालेले असते, दुसरे उपाशी राहिलेले असते. उपाशी खाचरातली खालची पाने आधी पिवळी पडतात. लावणीची तारीख एकच, पण एक खाचर दुसऱ्याच्या आधी म्हातारे होते.

माणसाचेही काहीसे असेच आहे. शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले वय वेगळे आणि शरीरातल्या पेशींचे वय वेगळे. आज या दुसऱ्या वयाविषयी, आणि रक्तदाबाशी त्याचे जे नाते आहे त्याविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी कृषी शाखेचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. कोणाला कोणती गोळी लागेल हे सांगणे माझे काम नाही आणि ते मी सांगणारही नाही. पण पेशी हा विषय शेतकी कॉलेजात शिकलेल्या माणसाला परका नसतो. शिवाय हा विषय माझ्याकडे चालतच आला. पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आपटा गाव आहे. तिकडे भाताच्या आणि वालाच्या बैठकांना जाणे होते. बैठक आटोपली, चहा आला, की बोलणे खतांवरून औषधांवर जाते. कोणी तरी म्हणतो, "साहेब, जरा बीपी वाढलाय." लगेच दुसरा त्याची समजूत घालतो, "अरे, वय झालं की वाढायचाच तो. त्याचं काय एवढं!" हे दुसरे वाक्य मी गावोगाव ऐकले आहे. त्यातले अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याने कित्येक कर्ती माणसे अंथरुणाला खिळली आहेत.

आधी रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. विहिरीवरचा पंप आणि त्याला जोडलेला नळा डोळ्यांसमोर आणा. नळा नवा असतो तेव्हा मऊ असतो. पंपाचा रेटा आला की किंचित फुगतो, रेटा ओसरला की आखडतो, आणि पाणी एकसारखे वाहते. तोच नळा चार उन्हाळे बांधावर पडून राहिला की कडक होतो. मग तो फुगत नाही. पंपाचा प्रत्येक धक्का जसाच्या तसा पुढे जातो आणि सांधे गळू लागतात. आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा असा रेटा देते. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी रोहिण्यांवर, म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्यांवर, जो दाब येतो तो वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा उरतो तो खालचा. वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा भरला, की आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

पंप आणि नळ्याचा दाखला इथपर्यंत चालतो. पुढे चालत नाही, कारण रबराचा नळा निर्जीव असतो आणि रोहिणी जिवंत असते. रोहिणीला आतून पेशींचे अस्तर असते. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते, घर सारवल्यावर भुईवर येतो तसल्या पातळ थराचे. पण त्याचे काम मोठे आहे. या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू तयार करतात. तो बाहेरच्या स्नायूंच्या थराला निरोप देतो की सैल पड, रक्ताला वाट दे. एवढासा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य गोष्ट. हे अस्तर झिजते. रक्त वाहताना घासते, धक्के बसतात, काही पेशी मरून गळतात. शेजारच्या पेशी दुभागून ती जागा भरून काढतात. पाटाला जिथे फाटा फुटतो तिथे बांध आधी खचतो, हे तुम्हाला माहीत आहे. रोहिण्यांचेही तसेच असते. जिथे फाटे फुटतात तिथे रक्त भोवऱ्यासारखे फिरते, तिथले अस्तर जास्त झिजते आणि तिथल्या पेशींना जास्त वेळा दुभागावे लागते.

पण पेशीने दुभागायचे ते किती वेळा? पूर्वी शास्त्रज्ञांची समजूत होती की चांगले पोषण दिले तर माणसाची पेशी अनंतकाळ दुभागत राहील. १९६१ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की तसे नाही. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा दुभागल्या आणि थांबल्या. अन्न होते, ऊब होती, तरी थांबल्या. त्यांनी आपला हिशेब कुठे तरी राखून ठेवला होता.

तो हिशेब कुठे असतो, हे पुढे कळले. प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेला वारसा डीएनएच्या लांबच लांब धाग्यावर लिहिलेला असतो. या धाग्याच्या दोन्ही टोकांना एक बिनमजकुराची शेपटी असते. तिला टेलोमिअर म्हणतात. गुराच्या दाव्याच्या टोकाला आपण गाठ मारतो, नाही तर पीळ सुटून दावे उसवत जाते. ही शेपटी म्हणजे तशीच गाठ. फरक एवढाच की पेशी दुभागताना दर वेळी ही गाठ थोडी झिजते. झिजत झिजत ती फारच आखूड झाली की पेशी दुभागणे बंद करते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न या बाईंनी तळ्याच्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवावर काम करून या टोकांचे रहस्य उकलले. त्यांना आणि कॅरॉल ग्रायडर व जॅक शोस्टाक या दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दुभागणे थांबलेली पेशी मरत मात्र नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. आंब्याची अढी घातलेली असते. त्यात एक आंबा नासला आणि तो वेळेवर काढला नाही, तर तो एकटा नासून थांबतो का? आजूबाजूच्या चार आंब्यांना डाग लावतो. म्हातारी झालेली पेशी अशीच आपल्या जागी बसून राहते आणि दाह उत्पन्न करणारी द्रव्ये भोवती सोडत राहते. तरुण वयात शरीराचे रक्षक अशा पेशी वेचून काढतात. वय वाढते तशी ही वेचणी मागे पडते. रोहिणीच्या अस्तरात अशा पेशी साचल्या की नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, भिंतीला सैल पडण्याचा निरोप नीट पोचत नाही आणि दाब चढतो.

याच्या जोडीला दुसरी झीज होते. रोहिणीच्या भिंतीत रबरासारखे ताणले जाणारे तंतू असतात. ते बहुतेक सगळे लहानपणीच तयार होतात आणि पुढे आयुष्यभर तेवढ्यांवरच भागवावे लागते. दिवसाला लाख वेळा ताणले जाऊन ते हळूहळू तुटतात. त्यांच्या जागी ताठ तंतू येतात. म्हणून साठीनंतर पुष्कळांचा वरचा आकडा चढत जातो आणि खालचा उलट उतरतो. "खालचा तर बरोबर आहे ना!" असे म्हणून समाधान मानणारे लोक मला भेटतात. पण वरचा १६५ आणि खालचा ७५ हे चांगले लक्षण नव्हे. ती नळा कडक झाल्याची खूण आहे.

म्हणजे वयाने रक्तदाब वाढतो, हे खरे झाले. पण गाडी इथे थांबत नाही, उलटीही फिरते. चढलेला दाब अस्तराला जास्त जोराने घासतो. जास्त घासले की जास्त पेशी गळतात. जास्त गळल्या की उरलेल्यांना जास्त दुभागावे लागते, गाठी लवकर आखूड होतात, म्हाताऱ्या पेशी लवकर साचतात आणि दाब आणखी चढतो. बैल जसा घाण्याभोवती फिरतो तसे हे फिरते. उच्च रक्तदाब असलेल्या माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या तेव्हा पुष्कळ पाहण्यांत त्यांच्या डीएनएच्या गाठी त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षा आखूड आढळल्या. आधी कोण, गाठ की दाब, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. आपल्या कामापुरते पाहिले तर घाण्याचा बैल कुठूनही थांबवला तरी चालतो, आणि दाबाच्या बाजूने तो थांबवता येतो. चाळिशीत दहा वर्षे दाब चढलेला ठेवला, तर पन्नाशीच्या शरीरात सत्तरीच्या रोहिण्या तयार होतात. दाब आवरला, तर हा वेग मंदावतो.

"वय झालं की वाढायचाच" या म्हणण्याला आणखी एक उत्तर आहे. १९८८ साली इंटरसॉल्ट नावाच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२ देशांतली ५२ ठिकाणे त्यांनी निवडली होती, आपल्या देशातली दिल्ली आणि लडाख ही दोन त्यांत होती. ब्राझीलच्या अरण्यात राहणारे यानोमामी नावाचे आदिवासीही त्यांत होते. हे लोक जेवणात मीठ घालतच नाहीत म्हटले तरी चालेल. त्यांचा सरासरी वरचा आकडा १०० च्याही खाली आढळला, आणि वयाबरोबर तो चढतही नव्हता. त्यांच्यातला म्हातारा आणि तरुण, दोघांचा दाब जवळजवळ सारखा. आता आपण काही अरण्यात जाऊन राहणार नाही आणि अळणी आमटी कोणी पानात घेणार नाही. पण वय आणि दाब यांची गाठ ब्रह्मदेवाने बांधलेली नाही, एवढे यावरून कळते.

हा रोग शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्यांचा, आम्ही राबणारी माणसे, आम्हाला कशाला होईल, असेही म्हणतात. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तिथे काम करते. तिथल्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. सर्वांत जास्त मृत्यू मेंदूच्या झटक्याने, म्हणजे आपण ज्याला लकवा किंवा पक्षाघात म्हणतो त्याने, झालेले निघाले. सातांतला एक मृत्यू त्याचा होता. आणि लकव्याचे पहिले कारण उच्च रक्तदाब. सबंध देशाची राष्ट्रीय पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तीत १५ वर्षांवरील शंभर पुरुषांत २४ आणि शंभर स्त्रियांत २१ जणांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. तुमच्या वाडीतली माणसे मोजा आणि हिशेब करा.

माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. आपट्याच्या बाजूचेच, वय ५२, दोन एकर भात आणि त्यामागून वाल. आरोग्य केंद्रात तपासणीत दाब १७० भरला, गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी दाब १३० वर आला. गृहस्थ खूष झाले आणि गोळी बंद केली. मला बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता बरा झालो. उगाच गोळ्यांची सवय कशाला लावून घ्यायची?" मी म्हटले, "अहो, गोळी चालू आहे म्हणून १३० आहे. बांध घातला म्हणून पाणी अडले, आता पाणी अडलेच आहे तर बांध काढा, असे तुम्ही कराल का?" ते हसले. गोळी काही परत सुरू केली नाही. पुढच्या वर्षी कापणी उरकून झोडणीला सुरुवात झाली, त्या सकाळी उजवा हात आणि पाय गेले. वाचा गेली. घरच्यांनी आधी तेल चोळले, मग जाणत्याला बोलावले, आणि पनवेलला नेईपर्यंत दुपार टळून गेली होती. माणूस वाचला. पण भात काढल्यावर जमिनीत ओल असते तेवढ्या दिवसांतच वाल पेरावा लागतो. घरची माणसे दवाखान्यात आणि खाचरे वाळत गेली. त्या वर्षी त्या घरी वाल झाला नाही, पोपटीचे मडके लागले नाही. आज सारी शेती बाई पाहतात. मजूर सांगणे, खत आणणे, सोसायटीचे हप्ते, सगळे. कारभारी ओटीवर बसून डाव्या हाताने सुतळी सोडवत असतात. माझ्याशी बोलायचा प्रयत्न करतात, शब्द फुटत नाही.

गोळी सुरू केल्यावर ती आपल्या मनाने सोडू नये, हे सांगायला यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही. गोळीने खोकला येतो, पाय सुजतात, असे काही वाटले तर डॉक्टरांना सांगावे, ते गोळी बदलून देतात. गोळ्या महाग असतात असेही नाही. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्या टप्प्यात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत आहेत. गावातल्या आशाताई तिशी ओलांडलेल्यांची नावे लिहून नेतात, तेव्हा "मला काही झालेलं नाही" असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. काही होत नाही, हीच या रोगाची खोड आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक चांगली लागते, आणि आत अस्तर झिजत असते.

आता मिठाकडे येऊ. पेण-पनवेल-उरण हा मुलूख मिठागरांचा. मिठाला आपल्याकडे कधी तोटा नव्हता, आणि चार महिन्यांच्या पावसाची बेगमी त्यावरच होत आली. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, खारातले आंबे, लोणचे, पापड, आगळ. मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते, नळ्यात पाणी जास्त आणि दाब जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळे धरून. आपल्या देशात सरासरी याच्या दुप्पट खाल्ले जाते. गृहिणींनी एक सोपा हिशेब करावा. घरात पाच मोठी माणसे असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण किलो. एक किलोची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. पिशवीवर फोडल्याची तारीख लिहून ठेवा. ती २० दिवसांत संपत असेल तर घर दुप्पट मीठ खाते आहे, हे कोणी येऊन सांगायला नको. यात बाजारची फरसाण, वेफर, पाव यांतले मीठ धरलेले नाही, ते वेगळेच.

एकदम अर्धे करू नका. सासूबाई पहिल्याच दिवशी ताट सरकवतील. आठवड्याला थोडे थोडे कमी करा, महिना-दीड महिन्यात जिभेला सवय होते. सुकट पाण्यातून दोनदा धुऊन घ्यावी. पानात वेगळे मीठ वाढायची चाल मोडावी. कोकम, लिंबू, चिंच, लसूण, मिरी यांचा हात सैल सोडावा म्हणजे अळणी लागत नाही. भाताच्या पेजेत मीठ घालतातच असे नाही, ती तशीही गोड लागते, निदान मला तरी.

मिठाच्या विरुद्ध बाजूने काम करणारे द्रव्य म्हणजे पोटॅशियम. पिकाला आपण पालाश देतो, तेच हे. माठ, चवळी, शेवग्याचा पाला, केळी, कडधान्ये यांत ते असते. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर पाच वर्षे एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२१ साली आला. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ आणि निम्म्यांना असे मीठ दिले, ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियमच्या क्षाराचा होता. दुसऱ्या गावांत लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरले. असे मीठ आपल्याकडेही मिळते. पण ज्यांची मूत्रपिंडे दुखावलेली आहेत किंवा ज्यांना काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांना ते घातक ठरते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणू नये. शेतातला पालाश चाटून पाहणाराही मला एकदा भेटला होता, म्हणून सांगून ठेवतो, तो पिकासाठी आहे.

मूत्रपिंडाचे नाव निघाले. जास्तीचे मीठ आणि पाणी बाहेर टाकण्याचे काम त्यांचे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. जन्माच्या वेळी असतील तेवढ्याच, नव्या येत नाहीत, वयाबरोबर आणि चढलेल्या दाबाने कमी होत जातात. मूल कमी वजनाचे जन्मले तर त्याच्याजवळ मुळातच गाळण्या कमी असण्याचा संभव असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही थोडे खालीच भरले. ज्या आयांनी हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाल्ली त्यांची बाळे अधिक भरदार होती. या बायका घरकाम आणि शेतकाम करणाऱ्याच होत्या. तेव्हा सून गरोदर असेल तर बांधावरची भाजी आधी तिच्या पानात वाढावी. तिचा रक्तदाबही दर तपासणीला मोजून घ्यावा. गरोदरपणात तो चढला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. आणि पाळी गेल्यावर बायकांचा दाब चढू लागतो, हेही घरच्या पुरुषांनी ध्यानात ठेवावे. स्वतःसाठी दवाखान्यात जायला बाई कधी सवड काढत नाही.

मशेरीबद्दल लिहिले की पुष्कळ माउलींना राग येतो. तरी लिहितो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या निमित्ताने ती रक्तात उतरते आणि रोहिण्या आवळते. विडी, गुटखा, दारू यांचे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट डॉक्टर मंडळी सांगतात, आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नसते. लावणीत कंबर धरते, मग दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली जाते. यांतल्या पुष्कळ गोळ्यांनी रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. एखाद दिवस ठीक, पण आठवडेच्या आठवडे नव्हे.

पेशी तरुण करणारी औषधे, गाठी लांब करणारी चूर्णे असल्या जाहिराती आता मोबाइलवर येतात. म्हाताऱ्या पेशी वेचून काढणाऱ्या औषधांवर प्रयोगशाळांत आणि निवडक रुग्णांवर संशोधन चालू आहे, हे खरे. पण रक्तदाबासाठी असे कोणतेही औषध मान्य झालेले नाही. तेव्हा त्यासाठी पैसे धाडू नका, त्यापेक्षा भुईमुगाचे चांगले बियाणे घ्या.

लकव्याची खूण घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवा. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलला जात नाही, बोलणे बोबडे झाले, यांतले एक जरी दिसले तरी घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्याआधी मेंदूचा सी.टी. स्कॅन करावा लागतो. म्हणून जिथे स्कॅन आहे अशाच रुग्णालयात न्यावे. तोंडात पाणी, औषध, साखर काही घालू नये. चोळणे, उतरवणे, नाडी दाखवणे यांत हे साडेचार तास जातात.

रक्तदाब मोजायचा तो कसा, हेही सांगतो, कारण धावत-पळत मोजलेला आकडा खोटा असतो. गाडीवरून उतरून लगेच मोजू नये. आधी अर्धा तास चहा, विडी, मशेरी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, हात हृदयाच्या उंचीला टेकवावा, बाही दंडावरून वर सरकवावी. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. मोजणारा "नॉर्मल आहे" म्हणाला तरी "आकडा किती?" म्हणून विचारावे. भाताचा भाव "बरा आहे" एवढ्यावर आपण सोडतो का? तिशीनंतर वर्षातून एकदा तरी, आणि गोळी चालू असेल तर महिन्याला एकदा. आकडे कुठल्या वहीत शोधायला नकोत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहिता, त्याच चौकटीत घरातल्या ज्याचा असेल त्याच्या नावाचे पहिले अक्षर आणि दोन आकडे, बस. वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर रद्दीत घालू नका, पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे घेऊन जा.